न दुखवितां पाहणें

तान्ह्या मुलाला वेदना होते; पण ती कोठें होते हें सांगण्याची वाचा त्याला नसते. त्यांतही मूत्रपिंडाचा विकार फार मुका. मूत्राची वाट जन्मतःच अरुंद असली, किंवा मूत्राशयांतील मूत्र उलट मूत्रपिंडाकडे चढूं लागलें, तर तापावांचून दुसरें लक्षण पुष्कळदां दिसत नाहीं, आणि तोंवर मूत्रपिंड आंतून झिजत असतें. म्हणून आंत डोकावून पाहणें भाग पडतें. तें पाहणें मुलाला किती महाग पडावें, या प्रश्नाभोंवतींच या विद्येचा इतिहास फिरला आहे.

१८९५ सालीं रॉन्टगेननें क्ष-किरण शोधून काढले आणि हाडें दिसूं लागलीं. मूत्रमार्ग मात्र अदृश्यच राहिला. १९२९ सालीं मोझेस स्विक या अमेरिकन वैद्यानें बर्लिन येथें आयोडीनयुक्त औषध शिरेंतून देऊन तो चित्रांत उमटविला. लाभ मोठा, पण सुई आणि किरण हें त्याचें मोल. मूत्र उलट चढतें कीं काय हें पाहावयाचें तर त्याहून कठीण! मूत्रद्वारांतून नळी घालून मूत्राशय औषधानें भरावयाचा, आणि मूल लघवी करीत असतां किरणांनीं पाहावयाचें. पुढें १९५६ सालीं ऑक्सफर्डच्या अ‍ॅलिस स्ट्युअर्ट यांनीं गर्भावस्थेंत क्ष-किरण लागलेल्या मुलांत कर्करोगाचें प्रमाण अधिक आढळतें असें दाखविलें, तेव्हां कोवळ्या देहास किरणांचें मोल किती जड, हें लोकांच्या ध्यानीं येऊं लागलें.

दुसरी वाट युद्धांतून निघाली. कांहीं स्फटिकांवर दाब दिला असतां वीज उत्पन्न होते, हें क्युरी बंधूंनीं १८८० सालीं दाखविलें होतें. पहिल्या महायुद्धांत पॉल लांजव्हँ यानें याच्या उलट, विजेनें स्फटिक कांपवून, कानांस ऐकूं न येणारा ध्वनि पाण्यांत सोडला व त्याच्या प्रतिध्वनीवरून पाणबुड्या हुडकण्याची युक्ति काढली. ग्लासगोच्या इयन डोनाल्डनें धातूंतील चिरा शोधणारें यंत्र रोग्याच्या उदराकडे वळविलें. त्याचा निबंध १९५८ सालीं ‘लान्सेट’मध्यें प्रसिद्ध झाला. यालाच आपण सोनोग्राफी म्हणतों. द्रवानें भरलेला अवयव तींत काळा उमटतो. त्यामुळें फुगलेलें मूत्रपिंड चटकन ओळखूं येतें.

परंतु हें चित्र म्हणजे फळाची एक पातळ चकती. त्यावरून आकारमान काढावयाचें तर लांबी, रुंदी व जाडी यांच्या गुणाकारास ०·५२ नें गुणावयाचें. जणूं प्रत्येक मूत्रपिंड सुबक लंबगोलच आहे! रोगानें वेडेंवांकडें फुगलेल्या अवयवास हा हिशेब कसा लागावा? १९८० नंतरच्या दशकांत टोकियोच्या काझुनोरी बाबा यांनीं संगणकाच्या साह्यानें अशा अनेक चकत्या जुळवून त्रिमिति चित्र घडविलें. पुढें ऑस्ट्रियांतील ग्राट्स येथें मिखाएल रिकाबोना व त्यांचे सहकारी यांनीं तें तंत्र मुलांच्या मूत्रमार्गास लावलें. साचलेला द्रव वगळून मूत्रपिंडाचा गर किती उरला, हें आतां मोजतां येतें; शस्त्रक्रिया करावी कीं धीर धरावा, या विचारास त्याचा आधार होतो.

अर्थात् मूल रडलें, हललें कीं चित्र विस्कटतें. आणि मूत्रपिंड काम किती करतें हें आकारावरून कळत नाहीं. मूत्राचें उलट चढणें सूक्ष्म बुडबुड्यांच्या द्रवाच्या साह्यानें ध्वनीनेंच पाहतां येतें. अशा एका द्रवास अमेरिकेंत २०१६ सालीं मुलांकरितां मान्यता मिळाली. तेथें किरण टळले, पण नळी राहिलीच. यंत्रांनीं आजवर पुष्कळ दाखविलें. तें पाहतांना मुलाला किती सोसावें लागलें, हाही हिशेब त्यांच्याच वहींत मांडला पाहिजे.