एनग्राम : स्मृतीचा पेशीसमूह

अनुभव घडताना एकत्र उत्तेजित झालेला आणि तो आठवताना पुन्हा जागा होणारा चेतापेशींचा समूह म्हणजे एनग्राम. हा शब्द जर्मन शास्त्रज्ञ रिखार्ड झेमोन यांनी १९०४ मध्ये वापरात आणला. अहमदपूर परिसरातल्या हरिनाम सप्ताहात कीर्तनकाराने ध्रुपद धरले की टाळकरी पुढचे चरण आपसूक उचलतात. पाठांतराची ही सवय एनग्रामचे मर्म सांगते. टोक हाती आले की सगळा धागा उलगडतो, कारण आठवण पेशीपेशींमधल्या जोडणीत असते.

या मताविरुद्ध पहिला पुरावा कार्ल लॅशले यांचा मानला जातो. उंदरांच्या मेंदूपृष्ठाचे निरनिराळे भाग काढूनही शिकलेली वाट एकाच जागी सापडली नाही, असे त्यांनी १९५० मध्ये नोंदवले. पण आठवण विखुरलेली असेल, तर एका जागी न सापडणे हेच अपेक्षित. एकत्र चेतणाऱ्या पेशींची जोडणी घट्ट होते, असे डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्येच सुचवले होते. १९७३ मध्ये ब्लिस आणि लोमो यांनी सशाच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात उत्तेजनानंतर तासन्‌तास टिकणारी जोडणीची बळकटी दाखवली. २००९ मध्ये टोरांटोच्या शीना जॉसेलिन यांच्या गटाने मेंदूतल्या अमिग्डाला या भागातल्या, त्या आठवणीत सामील झालेल्या निवडक पेशी नष्ट केल्या, तेव्हा उंदरांची शिकलेली भीती गेली; तितक्याच इतर पेशी काढल्या तेव्हा ती टिकली. २०१२ मध्ये सुसुमू तोनेगावा यांच्या प्रयोगशाळेत भीतीच्या वेळी चेतलेल्या पेशींवर प्रकाश टाकताच, निर्धोक पेटीतही उंदीर जागीच थिजले.

थिजणे ही केवळ प्रतिक्षिप्त क्रिया आहे, आठवण नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. मात्र निर्भय प्रसंगात चेतलेल्या पेशी उजळल्या तेव्हा उंदीर थिजले नाहीत. २०१३ मध्ये तर एका पेटीची आठवण जागवत दुसऱ्या पेटीत विजेचा झटका दिला, आणि उंदीर पहिल्या पेटीला भिऊ लागले. माणसाच्या आठवणीला भाषा आणि कथनही असते, त्यामुळे उंदरांवरून सगळे उलगडत नाही. तरी ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप सोसलेल्या माणसाला जमिनीतला गडगडाट ऐकताच ती पहाट समोर दिसावी, यामागची यंत्रणा याच जातीची असावी. जागवलेली आठवण काही काळ मऊ पडते आणि पुन्हा घट्ट व्हावी लागते, हे करीम नादर यांनी २००० मध्ये उंदरांत दाखवले. म्हणून त्याच पहाटेची दोघांची हकीकत वर्षांनुवर्षे सांगताना वेगळी होत गेली, तर ती लबाडी ठरवण्याआधी आठवणीच्या या घडणीचा विचार करावा लागतो.