ट्रायसायक्लिक नैराश्यरोधकांची मात्रानिश्चिती

ट्रायसायक्लिक नैराश्यरोधकांची मात्रानिश्चिती म्हणजे ॲमिट्रिप्टिलीन, इमिप्रामीन, नॉरट्रिप्टिलीन यांसारख्या औषधांची योग्य दैनिक मात्रा रुग्णागणिक टप्प्याटप्प्याने ठरविण्याची वैद्यकीय प्रक्रिया होय. या औषधांच्या रेणूत तीन कड्यांची रचना असल्याने त्यांना त्रिचक्रीय औषधे असेही म्हणतात. परिणामकारक मात्रा व अपायकारक मात्रा यांतील अंतर कमी असल्यामुळे ही औषधे अल्प मात्रेने सुरू करून सावकाश वाढविली जातात. महाराष्ट्रातील यवतमाळसारख्या शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या जिल्ह्यात या प्रक्रियेला विशेष महत्त्व आहे. तेथे औषध अपुरे पडणे आणि औषधाचा मोठा साठा घरात असणे, हे दोन्ही धोके एकाच वेळी टाळावे लागतात.

इतिहास

स्वित्झर्लंडमधील म्युन्स्टरलिंगेन येथील मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ रोलांड कून यांना इमिप्रामीनचा नैराश्यावरील परिणाम आढळला. त्यांनी आपली निरीक्षणे १९५७ मध्ये प्रसिद्ध केली. ॲमिट्रिप्टिलीनला १९६१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत, तसेच भारताच्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत ॲमिट्रिप्टिलीनचा समावेश आहे. पुढे फ्लुओक्सेटीन, एस्सिटॅलोप्रॅम यांसारखी तुलनेने सुरक्षित औषधे आल्यावर नैराश्याच्या पहिल्या उपचारासाठी त्यांना पसंती मिळू लागली. तथापि कमी किंमत, सहज उपलब्धता आणि झोप व वेदना यांवरील उपयोग यांमुळे ट्रायसायक्लिक औषधांचा वापर भारतात आजही होतो.

मात्रेत फरक का पडतो

ही औषधे मुख्यतः यकृतात विघटित होतात. हे काम करणाऱ्या विकरांपैकी (एन्झाइम) सीवायपी२डी६ आणि सीवायपी२सी१९ ही दोन महत्त्वाची असून त्यांची कार्यक्षमता अनुवंशाने ठरते. त्यामुळे समान मात्रा घेणाऱ्या दोन व्यक्तींच्या रक्तातील औषधाची पातळी अनेक पटींनी भिन्न असू शकते. ज्यांच्यात सीवायपी२सी१९ मंद असते अशा व्यक्तींचे प्रमाण युरोपीय लोकांपेक्षा दक्षिण आशियाई लोकांत अधिक आहे. वार्धक्य व यकृताचे विकार यांमुळेही पातळी वाढते. फ्लुओक्सेटीन व पॅरोक्सेटीन ही औषधे सीवायपी२डी६चे कार्य रोखून पातळी वाढवितात, तर कार्बामाझेपीन ती कमी करते.

मात्रा वाढविण्याची पद्धत

जागतिक आरोग्य संघटनेच्या प्राथमिक आरोग्यसेवेसाठीच्या मार्गदर्शिकेनुसार प्रौढांमध्ये ॲमिट्रिप्टिलीन रात्री झोपताना २५ मिलिग्रॅमपासून सुरू केले जाते. दर आठवड्याला २५ ते ५० मिलिग्रॅम वाढवीत ते दिवसाला १०० ते १५० मिलिग्रॅमपर्यंत नेले जाते. वृद्ध व अन्य आजार असलेल्या व्यक्तींसाठी ५० ते ७५ मिलिग्रॅम ही नेहमीची, तर १०० मिलिग्रॅम ही कमाल मात्रा मानली जाते. नैराश्य असलेल्या मुलांना व किशोरवयीनांना प्राथमिक स्तरावर ही औषधे देऊ नयेत, असे ही मार्गदर्शिका सांगते.

मात्रा बदलल्यावर रक्तातील पातळी स्थिर होण्यास सुमारे एक आठवडा लागतो. मनःस्थितीतील सुधारणा मात्र दोन ते चार आठवड्यांनी दिसू लागते. पुरेशी मात्रा चार ते सहा आठवडे घेतल्याशिवाय औषध निष्फळ ठरले असे मानले जात नाही. तोंडाला कोरड, बद्धकोष्ठता, गुंगी, अंधूक दिसणे आणि उठताना चक्कर येणे हे दुष्परिणाम पहिल्या काही दिवसांतच जाणवतात. म्हणजेच त्रास आधी आणि गुण नंतर, असा या औषधांचा क्रम असतो. हा क्रम आधी समजावून न सांगितल्यास अनेक रुग्ण पहिल्याच आठवड्यात औषध सोडतात.

उच्च मात्रा नेहमीच श्रेष्ठ ठरते असे नाही. फुरुकावा व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एकत्रित विश्लेषणात दिवसाला ७५ ते १०० मिलिग्रॅमची मात्राही निष्क्रिय गोळीपेक्षा परिणामकारक आढळली, तर अधिक मात्रेत दुष्परिणामांमुळे उपचार सोडणाऱ्यांचे प्रमाण वाढले. याउलट मज्जातंतूंच्या वेदना, अर्धशिशी किंवा निद्रानाश यांसाठी दिली जाणारी १० ते २५ मिलिग्रॅमची मात्रा नैराश्यावर बहुधा अपुरी असते. दुखण्यासाठी वा झोपेसाठी अशी गोळी घेणाऱ्या व्यक्तीच्या नैराश्यावर उपचार चालू आहेत, असे समजणे ही नेहमी घडणारी चूक आहे.

रक्तपातळीचे मापन

नॉरट्रिप्टिलीनची परिणामकारक पातळी रक्तरसात मिलिलिटरमागे ५० ते १५० नॅनोग्रॅम मानली जाते. या पट्ट्याच्या खाली तसेच वरही गुण कमी येतो, म्हणून त्यास उपचारात्मक खिडकी म्हणतात. ॲमिट्रिप्टिलीन व त्यापासून शरीरात तयार होणारे नॉरट्रिप्टिलीन यांची एकत्रित पातळी ८० ते २०० नॅनोग्रॅम असणे अपेक्षित असते. ही तपासणी मोठ्या शहरांतील मोजक्या प्रयोगशाळांतच होते. ग्रामीण भागात मात्रानिश्चिती मुख्यतः लक्षणे, नाडी, बसून व उभे राहून घेतलेला रक्तदाब आणि हृदयाचा आलेख (ईसीजी) यांवर अवलंबून असते.

सावधगिरी

हृदयविकार, अपस्मार, काचबिंदू, लघवी अडणे आणि थायरॉइडचे आधिक्य असलेल्या व्यक्तींमध्ये ही औषधे टाळली जातात किंवा विशेष देखरेखीखाली दिली जातात. द्विध्रुवीय विकारात त्यांमुळे उन्माद उद्भवू शकतो. मद्यासोबत गुंगी वाढते. चोवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांमध्ये उपचाराच्या आरंभी व मात्रा बदलताना आत्महत्येचे विचार वाढू शकतात, त्यामुळे या काळात भेटी जवळजवळ ठेवल्या जातात. प्रमाणाबाहेर सेवन झाल्यास हृदयाची लय बिघडणे, झटके आणि बेशुद्धी असे जीवघेणे परिणाम होतात. अशा वेळी लक्षणांची वाट न पाहता रुग्णाला तत्काळ रुग्णालयात नेणे आवश्यक असते.

यवतमाळ जिल्ह्यातील संदर्भ

विदर्भातील यवतमाळ जिल्ह्यात सोळा तालुके असून त्याचे क्षेत्रफळ १३,५८२ चौरस किलोमीटर आहे. यवतमाळ शहरातील श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय हे जिल्ह्यातील प्रमुख शासकीय रुग्णालयाशी संलग्न आहे. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांसाठी प्रेरणा प्रकल्प सुरू केला. त्यात यवतमाळचा समावेश असून आशा कार्यकर्त्यांमार्फत तणावग्रस्त व्यक्ती शोधणे, समुपदेशन करणे आणि गरजेनुसार पुढील उपचारांसाठी पाठविणे अशी योजना आहे.

झरी जामणी, उमरखेड वा वणी या कडेच्या तालुक्यांतून यवतमाळला येण्यात मजुरीचा दिवस बुडतो. दर आठवड्याला मात्रा पाहून वाढविण्याची पद्धत त्यामुळे पाळणे कठीण जाते. महिनाभराच्या गोळ्या एकदम दिल्यास फेरी वाचते, परंतु आत्महत्येचा धोका असलेल्या घरात घातक औषधाचा साठा होतो. आरंभीची अल्प मात्राच पुढे चालू ठेवल्यास आजार बरा होत नाही. यावर मान्य उपाय असा की, आत्महत्येचा धोका असल्यास शक्यतो अधिक सुरक्षित गटातील औषध निवडावे. ट्रायसायक्लिक औषध द्यावेच लागले तर ते एका वेळी आठवड्यापुरते द्यावे, गोळ्या घरातील जबाबदार व्यक्तीकडे ठेवाव्यात आणि दोन भेटींमधील विचारपूस गावपातळीवरील कर्मचाऱ्याने करावी.

स्थानिक हवामान व शेतीकामही येथे विचारात घ्यावे लागते. या औषधांमुळे घाम कमी येतो. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जाणाऱ्या या भागात शेतात राबणाऱ्या रुग्णाला त्यामुळे उष्माघाताचा धोका वाढतो. कपाशीवर फवारणी करताना २०१७ मध्ये जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर विषबाधेने मृत्युमुखी पडले होते. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशकाच्या विषबाधेवर दिले जाणारे ॲट्रोपिन आणि ट्रायसायक्लिक औषधे यांचे काही परिणाम एकसारखे असतात. म्हणून अशा प्रसंगी रुग्णाच्या चालू गोळ्यांची माहिती डॉक्टरांना देणे महत्त्वाचे ठरते.

उपचार थांबविणे

लक्षणे ओसरल्यानंतरही नऊ ते बारा महिने औषध चालू ठेवण्याची शिफारस आहे. त्यानंतर किमान चार आठवड्यांत मात्रा हळूहळू कमी केली जाते. औषध एकाएकी बंद केल्यास मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थता व झोपमोड होऊ शकते. पेरणी वा कापूसवेचणीच्या हंगामात डॉक्टरांची भेट चुकून गोळ्या संपणे हेही एकाएकी बंद करण्यासारखेच असल्याने पुढील भेटीची तारीख हंगाम पाहून ठरविणे उपयुक्त ठरते.

साहाय्य

केंद्र शासनाची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर ती अहोरात्र व विनामूल्य उपलब्ध आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला उपचार व पुनर्वसन पुरविणे हे शासनाचे कर्तव्य ठरते.