सांदवाडी आणि वणवा

१८९९-१९०० च्या महादुष्काळाने वऱ्हाड होरपळले, तेव्हा यवतमाळचा मुलूख वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. आजचे नाव त्याला १९०५ साली मिळाले. दुष्काळ सोसणारी झाडे कोणती, हे इथल्या माणसाला सांगावे लागत नाही. साग, मोह, पळस! मात्र त्यांची सोसण्याची रीत पाहावी. उन्हाळ्याच्या तोंडाशी ती पाने टाकून देतात आणि पानांवाटे उडून जाणारे पाणी वाचवितात. खाली साचतो तो पाचोळा. तहानेवर जो उपाय, तेच आगीचे सरपण. मोहफुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटविण्याची चाल तर जंगलात वणवे लावीत आली आहे. म्हणूनच ‘देशी तेवढे लावा’ हा सरधोपट उपदेश निदान घराच्या भिंतीपाशी तरी मला पटत नाही.

वणवा अडविण्यासाठी जंगलात मोकळे पट्टे राखण्याची पद्धत इंग्रजांच्या वनखात्याने रूढ केली. त्यांना जाळरेषा म्हणतात. आपल्या गृहिणींनी त्या खात्याकडून काही धडे घेतले नव्हते. तरी रोज झाडलेले, शेणाने सारवलेले अंगण ही घराची जाळरेषाच होय. घरामागे सांदवाडी, म्हणजे परसबाग. न्हाणीच्या सांडपाण्यावर तिथे अळू आणि केळ जगते. कुंपणाशी अडुळसा व करवंद शोभतात. दोन्ही देशी, दोन्ही बारमाही हिरवी, आणि अडुळशाला शेळीही तोंड लावीत नाही. पलीकडे थोर. त्याच्या मांसल खोडात पाणी साठलेले असते. चीक मात्र डोळ्यांना घातक, तेव्हा मुलांच्या वाटेवर तो नको.

देशीपणाचा हिशेबही सोपा नाही. राळेगाव तालुक्यात रावेरीला सीतेचे मंदिर आहे, तेव्हा सीताफळ याच मातीतले वाटावे. पण ते पोर्तुगीजांच्या काळात अमेरिकेतून आले. बांधावरची घायपातही मेक्सिकोची.

अमेरिकेचे दुसरे देणे अधिक जड गेले. तिथल्या १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना, वऱ्हाडच्या कापसाला भाव चढला आणि त्याचा पेरा वाढत गेला. वेचणी संपली की पऱ्हाट्या उपटून चुलीसाठी घरी आणतात. अंगण सारवलेले असते, कुंपणाला अडुळसा हिरवागार असतो, आणि एप्रिलच्या उन्हात वाळलेल्या पऱ्हाटीचा ढीग कुडाच्या भिंतीला टेकलेला असतो.