अडीच धारेची गोष्ट

दिवाळी अंकात, फराळाच्या ताटाशेजारी, मद्याचा विषय काढला म्हणून वडीलधाऱ्यांनी रागावू नये. विषय चवीचा आहे, आणि चवीपेक्षाही एका गावाचा.

स्कॉटलंडहून आलेल्या भाच्याने बाटली पुढे ठेवली. स्प्रिंगबँक, दहा वर्षे लाकडी पिंपात मुरलेली, ४६ टक्के अल्कोहोलची. मी सवयीने सोडा मागितला. ‘‘मामा, सोडा नको. आधी नुसता वास घ्या.’’ घेतला. मग एक घोट. आधी भाजलेल्या जवाचा गोडवा, मागोमाग ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर सुटतो तसला खारा वारा, आणि घोट उतरल्यावर अगदी शेवटी धूर. तोही विझत आलेल्या चुलीजवळून गेल्याइतकाच. सीमाभागातल्या आम्हा लोकांना गोव्यातल्या भाटीची, हुर्राकाची आणि फेणीची थोडीफार ओळख असते. हा धूर मात्र नवा होता.

खारेपणाचे कोडे विचित्र आहे. मीठ वाफेबरोबर नळीतून चढत नाही. ते भांड्याच्या तळाशीच राहते. समुद्राकाठच्या कोठारातली हवा पिंपात शिरते, असे विकणारे सांगतात. मला वाटते, धुरातल्या फिनॉल गटातल्या द्रव्यांमुळेच आयोडीनची आणि समुद्रशेवाळाची आठवण होते आणि उरलेले काम आपले मन करते. धुराचा हिशेब मात्र चोख आहे. आपण मटकीला आणतो तसे जवाला मोड आणतात आणि ते भट्टीवर वाळवतात. सहा तास पीटचा धूर, मग सुमारे चोवीस तास नुसती गरम हवा. पीट म्हणजे दलदलीत शतकानुशतके कुजून दाबली गेलेली वनस्पती. कापून, वाळवून ती विटांसारखी जाळतात. या मालाचे ऊर्ध्वपातन ‘अडीच वेळा’ होते, म्हणजे काही भाग दोनदा आणि काही तीनदा. इंग्रजांना ही संख्या जोडून सांगावी लागते. अडीचकी घोकलेल्या आपल्या पिढीला ती एका शब्दात कळते.

हे गाव कॅम्पबेलटाऊन, किंटायर द्वीपकल्पाच्या पार टोकाशी. सरकारी करामुळे इथे चोरट्या भट्ट्या उदंड. रॉबर्ट आर्मर नावाचा तिथला तांबट वरकरणी नळकाम करी आणि आतून भट्टीची भांडी घडवी. १८११ ते १८१७ या काळातल्या त्याच्या हिशेबाच्या वह्या टिकून आहेत, आणि त्याच्या गिऱ्हाइकांत बायका पुष्कळ! चुलीवरचे कौशल्य कुणाच्या हाती होते, हे त्यावरून समजावे. १८२३ च्या कायद्याने परवाना स्वस्त केला आणि चोरीत फायदा उरला नाही. चोरट्या भट्टीच्याच जागेवर १८२८ मध्ये स्प्रिंगबँक उभी राहिली. गावाजवळ कोळशाची खाण होती. कोळसा आणायला १७९४ पासून कालवाही होता. बंदर होते, हेरिंग मासळी होती. आल्फ्रेड बार्नर्ड हा लेखक आला, त्याचे पुस्तक १८८७ मध्ये निघाले. त्याने या एवढ्याशा गावात एकवीस डिस्टिलऱ्या मोजल्या.

मग उतरती कळा. मिश्र व्हिस्की करणाऱ्यांना स्पेसाइडचा हलका माल आवडू लागला. मागणीच्या लोभाने इथल्या काहींनी घाई केली आणि मालाची प्रत घसरली. हेरिंगच्या पिंपांत व्हिस्की भरतात, अशी कुचेष्टा झाली. खरी की खोटी हा प्रश्न गौण, गिऱ्हाइकाला ती खरी वाटावी इतकी पत गेली होती. त्यातच १९२० मध्ये अमेरिकेत दारूबंदी आली. एकामागून एक धुराडी थंड पडली. स्प्रिंगबँकही १९२६ ते १९३३ बंद होती. त्या दशकाच्या मध्यावर गावात दोनच उरल्या, ती आणि ग्लेन स्कोशिया.

पडझड सुरू होण्याच्या त्या काळात, १९२० मध्ये, मासाताका ताकेत्सुरु हा जपानी तरुण इथल्या हेझलबर्नमध्ये काम शिकला. त्याने सविस्तर टिपणे काढली आणि १९३४ मध्ये जपानच्या उत्तरेला, होक्काइदो बेटावर योइचीला स्वतःची डिस्टिलरी काढली. तेही हेरिंगचेच बंदर, आणि भांड्याखाली कोळशाचीच आग. इकडे विझलेली विद्या तिकडे पेटली, म्हणा ना.

गावात राहिलेल्या कुटुंबाने मात्र आपले सहा तास सोडले नाहीत. जवाला मोड आणण्यापासून बाटली भरण्यापर्यंत सगळे काम अजून एकाच आवारात होते. त्याच घरच्यांनी १९२५ मध्ये बंद पडलेली शेजारची ग्लेनगाइल २००४ मध्ये पुन्हा सुरू केली.

भाच्याने आणखी एक गोष्ट सांगितली. शेजारची लाँगरो १८९६ मध्ये बुडाली, हेझलबर्न १९२५ मध्ये. आता स्प्रिंगबँकवालेच आणखी दोन तऱ्हांची व्हिस्की काढतात. एकीचे जव अठ्ठेचाळीस तास नुसत्या पीटच्या धुरावर वाळवलेले, दुसरीच्या जवाला धूर अजिबात नाही. पहिलीच्या बाटलीवर नाव असते लाँगरो, दुसरीच्या हेझलबर्न. आणि या सगळ्या बाटल्या भरल्या जातात, ते जुन्या लाँगरोच्या उरलेल्या कोठारात.