तुपाची पारख आणि तिळाची खूण

घरच्या स्वयंपाकाला चांगलं तूप कसं निवडावं, हा प्रश्न इतिहासाच्या मालिकेत कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण आपल्या हातात आज तुपाची जी बरणी येते, तिच्यामागे शंभर वर्षांची लढाई आहे, आणि ती पेठांमधून लढली गेली. म्हणून आज आपण चेन्नईच्या जॉर्ज टाउनमध्ये जाऊ.

सेंट जॉर्ज किल्ल्याच्या उत्तरेला ही वस्ती आहे. 1746 मध्ये फ्रेंचांनी किल्ला घेतला, 1749 मध्ये तो इंग्रजांना परत मिळाला. तटाला लागून दाट घरं असली की शत्रूला आडोसा मिळतो, हे तेव्हा त्यांना कळलं. म्हणून तटाजवळची जुनी वस्ती पाडून मैदान मोकळं केलं आणि लोक पुढे उत्तरेला सरकले. तोफेच्या माऱ्यासाठी जागा हवी, एवढंच कारण. त्या मोकळ्या पट्ट्यावर आज मद्रास हायकोर्ट उभं आहे. पलीकडे तंबू चेट्टी स्ट्रीटवर काळिकांबाळचं देऊळ आहे. शिवाजी महाराज 1677 च्या दक्षिण मोहिमेत इथे दर्शनाला आले होते, असं देवळात सांगतात. आणखी आत गेलात की सावकारपेठ. नावाचा अर्थ मराठी माणसाला सांगायला नको. मारवाडी, गुजराती, तेलुगू, तमिळ अशी सगळी मंडळी इथे व्यापाराला बसली. मिंट स्ट्रीटवर संध्याकाळी साजूक तुपातल्या जिलबीचा वास येतो तो त्यामुळेच.

आता तुपाकडे येऊ. खेड्यात तूप पारखावं लागत नव्हतं. म्हैस कोणाची, तिनं काय खाल्लं, विरजण कोणी लावलं, हे सगळं माहीत असायचं. पारख तुपाची नव्हतीच, माणसाची होती. शहरात तसं नाही. जॉर्ज टाउनच्या अरुंद गल्ल्यांत म्हैस बांधणार कुठे? तूप बाहेरून येणार, तेही डब्यात. तमिळनाडूत ऊत्तुकुळीचं लोणी आणि तूप नावाजलेलं. हे गाव आजच्या तिरुप्पूर जिल्ह्यात, रेल्वेमार्गावर. गाव ते पेठ, पेठ ते दुकान, दुकान ते घर. वाटेत तीन-चार हात लागले की डब्यात काय मिसळलं हे कोण सांगणार?

ही भीती पोकळ नव्हती. 1917 मध्ये कलकत्त्यात तुपात जनावरांची चरबी सापडल्याचा गवगवा झाला. लोक हादरले. प्रायश्चित्तासाठी ब्राह्मणांचे जथेच्या जथे हुगळीच्या काठी जमले. व्यापाऱ्यांच्या पंचायतीनं आपल्याच माणसांना दंड केले आणि सरकारला घाईनं कायदा करावा लागला. पुढच्याच वर्षी, 1918 मध्ये, मद्रास इलाख्यातही भेसळविरोधी कायदा झाला. तूप नुसतं अन्न असतं तर एवढं झालं नसतं. ते देवाच्या समईत, होमात आणि श्राद्धाच्या पानावर जातं. खोटं तूप म्हणजे खिशाला चाट, आणि वर धर्मही बुडाला अशी लोकांची भावना.

मग खरा शत्रू आला, तोही उजळ माथ्यानं. 1937 मध्ये डालडा बाजारात आला. वनस्पती तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करायचं, त्याला तुपासारखा दाणा आणायचा, पत्र्याच्या डब्यात भरायचं. स्वतःच्या नावानं विकला तर त्यात गैर काही नाही, गरिबाच्या कढईला आधारच झाला. फौजेतही वनस्पती खाल्लेले जवान मी पाहिलेत, आणि मीही त्यातलाच. गैर झालं ते पुढे: हे वनस्पती साजूक तुपात मिसळलं की ओळखू येईना. आजीची परीक्षा काय होती? रवाळ आहे का बघा, तळहातावर चोळा, वास घ्या. दाणा तर कारखान्यानंच तयार केला होता!

गांधीजींनी या बनावटीविरुद्ध लिहिलं. वनस्पतीवर बंदी घाला, निदान त्यात रंग तरी घाला, अशा मागण्या स्वातंत्र्यानंतरही होत राहिल्या. पण सहज काढून टाकता येणार नाही असा खाण्याजोगा रंग मिळेना आणि बंदीही झाली नाही. मग जो मार्ग निघाला तो मला फार आवडतो. सरकारनं नियम केला की प्रत्येक वनस्पतीत 5 टक्के तिळाचं तेल घालायचंच. का? तिळाच्या तेलात असा एक घटक असतो, की तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फर्फ्युरल मिसळून हलवलं की गुलाबी-लाल रंग येतो. याला बोडोइन चाचणी म्हणतात. तुपात वनस्पती असेल तर तिळाची खूण आपोआप बोलते. शत्रूच्या गणवेशावर आपणच खूण शिवून ठेवायची, असा हा डाव.

आणि गंमत बघा. आपला ‘तेल’ शब्द तिळावरून आला. तमिळमध्ये तुपाला ‘नेय्’ म्हणतात, तिळाला ‘एळ्’, आणि दोन्ही मिळून तेलाचा शब्द ‘एण्णेय्’. म्हणजे तिळाचं तूप! शब्दात एकत्र आलेली ही जोडी कायद्यानं वेगळी ओळखायला वापरली.

1937 चाच दुसरा कायदा म्हणजे शेतमालाची प्रतवारी, ज्यातून ॲगमार्क आला. तूप त्यातल्या पहिल्या काही मालांपैकी. या नियमांत एक मजेदार अपवाद होता. जिथे जनावरांना सरकी भरपूर घालतात त्या कापूसपट्ट्यांसाठी तुपाचे निकष निराळे ठेवले होते, कारण सरकीनं तुपाचा स्वभावच बदलतो. म्हणजे वऱ्हाडातलं खरं तूप मद्रासच्या मापानं खोटं ठरू शकलं असतं. दिल्लीत बसून नियम करणाऱ्यांनी म्हशीच्या गव्हाणीत डोकावून पाहिलं, याचं मला कौतुक वाटतं.

आता घरचं बोलू. दाण्यावर जाऊ नका. तूप सावकाश थंड झालं की रवाळ होतं, झटकन थंड झालं की गुळगुळीत. चेन्नईच्या उन्हाळ्यात तर ते पातळच राहतं, तिथे दाणा कुठून दिसणार? रंगावरही जाऊ नका. गाईचं तूप कॅरोटीनमुळे पिवळं, म्हशीचं पांढरं. दोन्ही खरी. उकडलेला बटाटा किंवा रताळं कुस्करून घातलं असेल तर आयोडीनचा थेंब निळा होतो, ही परीक्षा घरी जमते. आम्लाची परीक्षा घरी नको, हात भाजेल. शिवाय ती स्वच्छ आली म्हणून तूप शुद्ध असंही नाही. साध्या पामतेलात तीळ नसतो, त्यामुळे तिथे ही खूण गप्प बसते. त्यासाठी वनस्पतींतच सापडणारी सिटोस्टेरॉलसारखी द्रव्यं प्रयोगशाळेत शोधावी लागतात.

मोठमोठ्या संस्थांचीही यात दमछाक होते. जॉर्ज टाउनमधल्या चेन्नकेशव पेरुमाळ मंदिरापासून दरवर्षी तिरुमलेला वाजतगाजत छत्र्या जातात. त्याच तिरुमलेच्या लाडवांच्या तुपावरून 2024 मध्ये देशभर वाद पेटला. नमुने तपासायला गुजरातेत आणंदला पाठवावे लागले, आणि प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं.

मग साध्या माणसानं काय करावं? मी रसदीचा माणूस, हिशेबावर विश्वास ठेवतो. 1 किलो पांढऱ्या लोण्यातून साधारण 750 ते 800 ग्रॅम तूप निघतं. बाकी पाणी आणि बेरी. म्हणजे 1 किलो तुपाला सव्वा किलो लोणी लागतं. तुमच्या भागात लोण्याचा भाव काय आहे तो विचारा आणि सव्वापट करा. घाऊक खरेदीत थोडं इकडेतिकडे होईल, पण तूप जर लोण्याहूनही स्वस्त मिळत असेल तर त्या डब्यात लोणी नाही. मोठा डबा घेण्याआधी छोटी बरणी घ्या, ॲगमार्क आणि तारीख बघा, आणि ती बरणी वरणभातावर खाऊन बघा, तळणीत नव्हे.

सगळ्यात उत्तम म्हणजे लोणी आणून घरी कढवा. आपण कढवताना विड्याचं पान टाकतो, तमिळ घरांत शेवग्याचा पाला टाकतात. आमच्या घरी चेन्नईपासून शेवगाच चालतो, आणि तो कुरकुरीत पाला बेरीबरोबर भातावर घ्यायला नातवंडांची भांडणं होतात.