दीड फुटाची टाकी आणि मासा कोणता?

महाड औद्योगिक वसाहतीत संशोधनाच्या कामासाठी राहायला आल्यापासून आसपासच्या शाळांतील शिक्षक अधूनमधून आमच्याकडे येतात. प्रश्न बहुधा रसायनांविषयीचे असतात. दोन वर्षांपूर्वी मात्र बिरवाडीकडच्या एका शाळेतील विज्ञानाच्या बाई वेगळाच प्रश्न घेऊन आल्या. "सर, शाळेला काचेची टाकी देणगी मिळाली आहे. दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. माशांना पिल्ले कशी होतात ते मुलांना दाखवायचे आहे. कोणते मासे आणू?"

दुकानदाराने त्यांना गोल्डफिश, एंजल आणि काच साफ करणारा 'सकर' असे तिन्ही सुचवले होते. आम्ही कागदावर हिशेब मांडला. ४५ × ३० × ३० सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४० लिटर. खालची वाळू आणि वर सोडायची मोकळी जागा वजा जाता पाणी उरते ३२ ते ३३ लिटर, म्हणजे दोन बादल्यांच्या आसपास. एवढ्या पाण्यात गोल्डफिश वाढत नाही, नुसता तगतो. सकर तर दीड फुटापर्यंत वाढतो, म्हणजे टाकीएवढाच. तिन्ही नावे खोडली. मग कोणता मासा? या प्रश्नाला दीडशे वर्षांहून मोठा इतिहास आहे, आणि त्यात आमच्या हातून घडलेल्या एका चुकीचेही पान आहे.

इतिहासाची सुरुवात एका रसायनशास्त्रज्ञापासून होते, याचे आम्हाला थोडे कौतुक वाटते. लंडनचे रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८४९ मध्ये सुमारे बारा गॅलनच्या पात्रात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. वनस्पती प्राणवायू देईल, मासे कर्बवायू देतील आणि पाणी न बदलता दोघेही जगतील, अशी कल्पना. पण पाने कुजू लागली आणि पाणी गढूळ झाले. तेव्हा त्यांनी कुजलेली पाने खाणाऱ्या गोगलगायी सोडल्या आणि गाडी रुळावर आली. १८५० मध्ये हे काम त्यांनी केमिकल सोसायटीपुढे मांडले. पुढे १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात माशांचे दालन उघडले आणि घरोघरी काचेच्या टाक्या ठेवण्याचे वेड पसरले.

वॉरिंग्टन यांच्या काळी एक गोष्ट ठाऊक नव्हती. माशांच्या उत्सर्गातील अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्रेट करणारे जिवाणू वाळूत वस्ती करतात, आणि ती वसायला तीन-चार आठवडे लागतात. नव्या टाकीत पहिल्याच दिवशी दहा मासे सोडले की आठवड्याभरात ते मरतात आणि आपण दोष देतो दुकानदाराला. (नळाच्या पाण्यातील क्लोरीनही घातक असतो. पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवावे.)

उष्ण कटिबंधातील मासे युरोपात पोहोचायचे तर बोटीवरचे आठवडेच्या आठवडे डबक्यासारख्या पाण्यात काढावे लागत. त्यात टिकत ते हवेतून श्वास घेऊ शकणारे. आपल्याकडे मरळ किंवा मागूर टोपलीत, जेमतेम पाण्यात जिवंत राहतात ते याच गुणामुळे. पियर कारबोनिए यांनी १८६९ मध्ये पॅरिसमध्ये चीनहून आणलेल्या पॅरडाइज फिशची पैदास केली. हा मासा पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो, नर तोंडातून फेसाचे घरटे करतो आणि अंड्यांवर पहारा देतो. याच कुळातला सयामी फायटर आज प्रत्येक दुकानात बाटलीत दिसतो. छोट्या टाकीला तो चालेल, पण दोन नर एकत्र ठेवता येत नाहीत, आणि अंडी घातल्यावर नर मादीलाही फाडून काढतो. पस्तीस मुलांच्या वर्गासमोर हा संसार मांडावा, असे आम्हाला वाटले नाही.

म्हणून पहिला सल्ला आम्ही दिला तो गप्पीचा. येथेच आमची चूक सांगायला हवी.

गप्पीचे नाव त्रिनिदादच्या रॉबर्ट गप्पी यांच्यावरून पडले. त्यांनी पाठवलेल्या नमुन्यांना लंडनच्या ग्युंथर यांनी १८६६ मध्ये त्यांचे नाव दिले. पण पीटर्स या जर्मन शास्त्रज्ञाने १८५९ मध्येच या माशाचे पोइसिलिया रेटिक्युलाटा असे नामकरण केले होते. शास्त्रीय नाव पीटर्सचे राहिले, बोलण्यातले गप्पींचे. गप्पी अंडी घालत नाही. मादी सुमारे चार आठवडे अंडी पोटात वाढवते आणि पोहणारी पिल्ले जन्माला घालते. १९२० मध्ये कोपनहेगनच्या योहानेस श्मिट यांनी दाखवले की नराच्या अंगावरचा एक ठिपका बापाकडून फक्त मुलाकडे जातो. दोनच वर्षांत विंगे यांनी त्याची सांगड वाय गुणसूत्राशी घातली. दहावीच्या वर्गाला आनुवंशिकता दाखवायला यापेक्षा स्वस्त साधन नाही. अट एकच, दुकानातून आणलेली मादी प्रयोगाला चालत नाही. ती नराचे शुक्राणू महिनोन् महिने साठवून ठेवते, त्यामुळे पिल्लांचा बाप कोण हे कळत नाही. पिल्ले तीन आठवड्यांची व्हायच्या आत नर-मादी वेगळे करावे लागतात.

आम्ही स्वतः घरी दोन नर आणि चार माद्या ठेवल्या होत्या. पाच-सहा महिन्यांत शंभरावर मासे झाले. वाटण्यासारखे शेजारी संपले. शेवटी एका जून महिन्यात, पहिल्या मोठ्या पावसानंतर, आम्ही बादलीभर गप्पी वसाहतीमागच्या ओढ्यात सोडून दिले. जीव वाचवल्याचे समाधानही वाटले. पुढच्या उन्हाळ्यात त्याच ओढ्यात उरलेल्या डबक्यांत पाहिले तर बहुतेक सगळे गप्पीच. पूर्वी तेथे दिसणारे, पृष्ठभागाशी तरंगणारे छोटे स्थानिक मासे शोधावे लागले. याला आम्ही एकटेच कारण होतो असे म्हणता येणार नाही, ओढ्यावर इतर संकटेही असतात. पण तो ओढा सावित्रीला मिळतो. कारखान्यांच्या सांडपाण्याबद्दल आम्ही येथे राहणारी माणसे तावातावाने बोलतो, आणि ते योग्यच आहे. पण सांडपाण्याचा सीओडी निदान मोजता येतो. बादलीतून सोडलेल्या माशांची नोंद कोण ठेवतो?

ही चूक आमच्या आधी मोठ्या प्रमाणावर झालेली आहे. हिवतापाचे डास मारण्यासाठी कोणते मासे उपयोगी पडतील, याची यादी १९१२ मध्ये कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियममधील सेवेल आणि चौधरी यांनी प्रसिद्ध केली होती. ती भारतीय माशांची यादी होती. तरीही १९२८ मध्ये इटलीमार्गे गँबुसिया हा मूळचा अमेरिकन मासा भारतात आणला गेला. टेक्सासहून १९०५ मध्ये तो हवाईला गेला, १९२१ मध्ये स्पेनला, नंतर इटलीला आणि तेथून आपल्याकडे. तोही गप्पीसारखाच पिल्ले घालणारा. डासांच्या अळ्या खातो हे खरे, पण इतर माशांची अंडी आणि पिल्लेही खातो. जगातील शंभर अतिउपद्रवी परक्या जीवांच्या यादीत आज त्याचे नाव आहे. गंमत म्हणजे हे नाव क्यूबातील ज्या शब्दावरून आले, त्याचा अर्थ 'काहीच नाही' असा. गळाला काही लागले नाही की तेथे म्हणत, गँबुसिनो पकडले.

गप्पी मासे आजही हिवताप आणि डेंग्यूच्या कामासाठी पाळले जातात. बंद हौद आणि बांधकामावरच्या टाक्या येथे ते कामाचे आहेत. गावातल्या ओढ्यात, तळ्यात, नदीला जोडलेल्या विहिरीत ते सोडू नयेत, एवढेच आमचे म्हणणे आहे. पिल्ले सहज होणे हा गुण टाकीत जितका सोयीचा, तितकाच टाकीबाहेर गैरसोयीचा असतो.

बाईंना आम्ही हे सगळे सांगितले आणि गप्पीवर काट मारली. मग उरला झेब्रा मासा.

फ्रान्सिस हॅमिल्टन या डॉक्टरने गंगेच्या खोऱ्यातील माशांवर १८२२ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात निळ्या पट्ट्यांच्या, बोटाच्या दोन पेरांएवढ्या एका माशाचे वर्णन आहे. तो त्यांना कोसी नदीत मिळाला होता. विसाव्या शतकाच्या आरंभी तो युरोपातील टाक्यांत पोहोचला आणि साठ-सत्तर वर्षे शौकिनांचा मासा म्हणूनच राहिला. अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर हे जिवाणूभक्षी विषाणूंच्या आनुवंशिकतेवर काम करत. तेच प्रश्न पृष्ठवंशी प्राण्याला विचारता येतील का, असे त्यांच्या मनात होते. ते स्वतः मासे पाळणारे होते. त्यांनी दुकानातून झेब्रा मासे आणले. १९८१ मध्ये 'नेचर'मध्ये त्यांनी या माशाचे क्लोन तयार केल्याचे जाहीर केले. १९८४ मध्ये ते वारले. १९९६ मध्ये ट्युबिंगेन आणि बॉस्टन येथील गटांनी भ्रूणविकासात बिघाड करणारी शेकडो उत्परिवर्तने एकदम प्रसिद्ध केली, आणि कोसीचा मासा जगभरच्या प्रयोगशाळांत गेला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही त्याच्यावर संशोधन होते.

स्ट्रायसिंगर यांनी हाच का निवडला? कारणे शौकिनाचीच होती. जागा कमी लागते, तीन महिन्यांत वयात येतो, मादी एका वेळी शंभर-दोनशे अंडी घालते, आणि अंडे काचेसारखे पारदर्शक असते. पहिले विभाजन पाऊण तासात, पुढची पंधरा-पंधरा मिनिटांनी, म्हणजे एका तासिकेत दोन विभाजने पाहता येतात. दुसऱ्या दिवशी हृदय धडधडताना दिसते. साधे शालेय सूक्ष्मदर्शक पुरते.

अडचण एकच, आईबाप अंडी खातात. त्यावरचा शौकिनांचा उपाय फार जुना आहे. टाकीच्या तळाशी गोट्यांचे दोन थर द्यायचे. अंडी फटीत पडतात, मोठ्यांचे तोंड पोहोचत नाही. संध्याकाळी मासे सोडायचे, पहाटे उजाडताच ते अंडी घालतात, दहाच्या सुमारास त्यांना बाहेर काढायचे. महाडच्या हवेत बहुतेक महिने हीटरची गरज नाही. पिल्लांना सुक्या गवताच्या पाण्यात वाढवलेले सूक्ष्मजीव द्यावेत.

येथे विषय संपला असता. पण बाईंनी विचारले, "आपल्या कोकणातला एकही मासा नाही का यात?"

आहे, आणि त्याची कथा फारशी सांगितली जात नाही. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी पुढे राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे संचालक झाले आणि लोणावळ्याजवळ महसीरच्या कृत्रिम प्रजननासाठी ओळखले गेले. (महाड तालुक्यात वाळण येथे काळ नदीच्या डोहात गावकऱ्यांनी देवीच्या नावाने राखलेले मासे महसीरच. त्यांना टाकी नव्हे, नदीच लागते.) याच कुलकर्णींनी १९४० मध्ये पश्चिम किनाऱ्यावरील खाड्यांतून जेमतेम एका इंचाच्या, जवळपास पारदर्शक माशाचे वर्णन केले आणि त्याला नाव दिले होराइक्थिस सेटनाय. पहिला शब्द प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांच्यावरून, दुसरा मुंबईचे मत्स्यअधिकारी सेटना यांच्यावरून. या माशाच्या मादीला उजवा श्रोणिपर नसतो. नर आपल्या गुदपराच्या साहाय्याने शुक्राणूंची काटेरी पुडी मादीच्या शरीराला चिकटवतो. फलन आत होते, पण पिल्ले नव्हे, अंडी बाहेर येतात. गप्पी आणि झेब्रा यांच्या मधलीच ही तऱ्हा. आज हा मासा ओरायझिअस या प्रजातीत गणला जातो.

ओरायझिअस म्हणजे भातखाचरातला. याच प्रजातीतील जपानचा मेदाका तेथील लोकांनी पिढ्यान् पिढ्या कुंड्यांतून पाळला. त्यावर तात्सुओ आइदा यांनी १९२१ मध्ये लिंगसंलग्न आनुवंशिकता दाखवली, आणि १९९४ मध्ये कोलंबिया यानातून गेलेल्या मेदाकांनी अवकाशात अंडी घालून पिल्लेही दिली. जपानने आपल्या भातखाचरातला मासा टाकीत ठेवला. आम्ही आमच्या खाडीतल्याचे वर्णन केले आणि दुकानातून गप्पी आणले.

खाडीचा मासा शाळेत टिकवणे अवघड, म्हणून बाईंसाठी आम्ही ओढ्यातला निवडला. कपाळावर मोत्यासारखा ठिपका असलेला आप्लोकायलस, तोही अळ्या खाणारा. एक नर, दोन माद्या, यापेक्षा जास्त पकडायचे नाहीत. तो उड्या मारतो, म्हणून टाकीवर जाळी. बुचाच्या तुकड्याला हिरव्या लोकरीचा झुबका बांधून तरंगत ठेवायचा. मादी रोज थोडी थोडी अंडी धाग्यांना चिकटवते. ती वेचून वेगळ्या बरणीत ठेवायची. पिल्ले दोन आठवड्यांच्या आसपास निघतात.

गेल्या पावसाळ्यात बाईंचा निरोप आला, म्हणून गेलो. बरणीवर मुलांनी तारीख चिकटवली होती, शेजारी वहीत रोजचे चित्र. नवव्या दिवसाच्या चित्रात अंड्याच्या आत दोन काळे डोळे काढलेले होते. खाली एका मुलीने लिहिले होते, "आज त्याने डोळा फिरवला." टाकीतले तीन मोठे मासे आणि पिल्लांचे करायचे काय, यावर मात्र वर्गात दोन तट पडले होते. ओढ्यात परत सोडायचे म्हणणारे जास्त होते. दुकानातल्या माशांशी किंवा त्यांच्या पाण्याशी यांचा संबंध आला होता का, असे आम्ही विचारले, कारण रोग असाच पसरतो. तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "सर, जाळी दुकानातूनच आणली होती." मासे टाकीतच राहिले.