थकीत भाडे आणि भाडेकरूचे संरक्षण : बुलढाण्याच्या इतिहासातील दोन टप्पे

१८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेल्या वऱ्हाडचा भाग असलेला बुलढाणा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रांताशी जोडलेला राहिल्याने, येथील घरभाड्याचा कायदा मुंबईपेक्षा निराळ्या वाटेने घडला. १९४९ च्या मध्य प्रांत व वऱ्हाड घरभाडे नियंत्रण आदेशानुसार, भाडेपट्टा संपवण्याची नोटीस देण्यापूर्वी घरमालकाला भाडे नियंत्रकाची, म्हणजे त्यासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याची, लेखी परवानगी घ्यावी लागे. भाडे एकूण तीन महिन्यांचे थकले आणि नियंत्रकाने दिलेल्या मुदतीतही भरले गेले नाही, किंवा भाडेकरू सवयीने थकबाकीदार ठरला, तर ती मिळू शके, आणि त्यानंतरच दिवाणी दाव्याचा मार्ग खुला होई.

३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने परवानगीचा हा टप्पा काढून टाकला. तथापि, थकबाकीच्या लेखी मागणीनंतर ९० दिवस दावा दाखल करता येत नाही, आणि दाव्याचे समन्स बजावल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने थकबाकी दरसाल १५ टक्के सरळ व्याजासह न्यायालयात भरल्यास त्या कारणावरून घर रिकामे करण्याचा हुकूमनामा होत नाही. अधिकाऱ्याच्या विवेकावर उभे असलेले संरक्षण अशा रीतीने मुदत आणि व्याज यांच्या हिशेबावर येऊन ठेपले.